दोन बोटांची फट

फदाट बाईंबद्दल आमच्या गावात कुणी चांगलं बोलत नाही, आणि त्यात गावाची फारशी चूक नाही. त्यांच्याशी बोलायला गेलेला माणूस दोन वाक्यांत गुन्हेगार ठरतो. मी त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवतो, शिक्षकखोलीत खुर्चीला खुर्ची लावून बसतो, आणि तरी सकाळी त्यांचा चेहरा बघूनच नमस्कार घालायचा की नाही ते ठरवतो. पूर्ण नाव बेबीनंदा फदाट. विज्ञान शिकवतात. ज्या कुणी त्यांचं नाव 'बेबी' ठेवलं, त्याला पुढचा काही अंदाज नव्हता एवढंच म्हणता येईल.

जाफराबादच्या उत्तरेला, बोडख्या डोंगराच्या माथ्यावर जो पांढरा घुमट दिसतो, ती वेधशाळा. खाली कोनशिलेवर दूरदृष्टी, संकल्पना, मार्गदर्शन असे शब्द कोरलेत आणि प्रत्येकापुढे एकेका साहेबाचं नाव आहे. मी ती कोनशिला वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या दगडावर नाव असलेल्या एकालाही त्या इमारतीत सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते माहीत नव्हतं. ते एका बाईला माहीत होतं आणि ती त्यासाठी तीन वर्षं भांडली.

गोष्ट सुरू झाली शाळेच्या गच्चीवर. बाईंनी स्वतःच्या पगारातून एक लहान दुर्बीण घेतली होती. थंडीत अंधार पडला की मुलं गच्चीवर रांगेत उभी राहायची. एकानं डोळा लावला की मागची दहा जणं पाय बदलायची, ढकलाढकली करायची, आणि गच्चीच्या स्लॅबबरोबर दुर्बीण थरथरायची. मुलं खाली येऊन घरी सांगायची, "शनी नाचतो." शनीचं कडं कुणाला धड दिसलं नाही. बाई ओरडायच्या, "हलू नका, श्वास सुद्धा सोडू नका." मुलं श्वास धरून उभी राहायची आणि कुणातरी एकाला हमखास हसू फुटायचं.

एके दिवशी बाई ओरडता ओरडता थांबल्या. मला म्हणाल्या, "मी उगाच लेकरांना शिव्या घालते. लेकरं हलणारच. दुर्बीण हलता कामा नये." मी मान डोलावली. मला वाटलं विषय संपला. बाईंचा विषय तिथे सुरू झाला.

खगोल पर्यटन का कायशा नावाखाली जिल्ह्याला निधी आला होता आणि तो परत जायच्या बेतात होता. बाईंनी त्यावर झडप घातली. अर्ज, ठराव, आमदारांचं पत्र, सगळं केलं. शेवटी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी नकाशा काढून दाखवला. मी चित्रकलेचा माणूस, मला तो नकाशा छान वाटला. गोल दिवाणखाना, पुढे कमान, खाली स्वच्छतागृह आणि भांडार, वरच्या स्लॅबच्या मधोमध दुर्बीण, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे माथ्यावर एक हायमास्ट दिवा. तारे बघायच्या जागेवर हायमास्ट दिवा. बाईंनी नकाशा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, हे तुम्ही बसून काढलं का झोपून?"

तो नकाशा बदलायला दीड वर्ष गेलं. दिवा गेला. स्वच्छतागृह उतारावर खाली गेलं. भिंती पातळ आणि पांढऱ्या झाल्या, कारण जाड भिंत दिवसभराचं ऊन पोटात ठेवते, रात्री ती गरम हवा वर निघते आणि तारे लुकलुकायला लागतात. कमान गेली तेव्हा सरपंच रुसले, कारण त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव येणार होतं. घुमटाला एक उभी खिडकी आली आणि घुमट रुळावर हातानं फिरवता येईल असा झाला. या प्रत्येक बदलामागे एक भांडण आहे. ती सगळी सांगत बसलो तर माझीच डोक्याची शीर फुटेल.

पण खरं भांडण झालं फटीवरून. बाईंचं म्हणणं सरळ होतं. दुर्बीण जमिनीवर किंवा स्लॅबवर ठेवायचीच नाही. डोंगराचा काळा पाषाण लागेपर्यंत खणायचं, तिथून एक जाड खांब वर आणायचा, तो खोलीच्या जमिनीतून वर काढायचा, आणि वाटेत त्यानं कशालाही शिवायचं नाही. खांबाच्या चारी बाजूंनी दोन बोटं मोकळी. लोक चालोत, नाचोत, उड्या मारोत. जमीन हलेल, भिंत हलेल, खांब हलणार नाही. दुर्बीण खांबावर. म्हणजे शनी जागेवर.

हे समजावायला त्या जालन्याच्या कार्यालयात स्टीलची परात घेऊन गेल्या होत्या. मी मागे खांबाच्या चित्राचा तक्ता घेऊन. अभियंत्यांच्या टेबलावर परात ठेवली, जगमधलं पाणी ओतलं आणि शिपायाला म्हणाल्या, "मारा उडी." शिपायानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नाइलाजानं मान हलवली. त्यानं उडी मारली, पाणी थरथरलं, दोन थेंब फायलीवर सांडले. "ही तुमची स्लॅबवरची दुर्बीण," बाई म्हणाल्या. "आता यात शनी दाखवा मला."

अभियंते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, नोकरीला लागलो तेव्हापासून आम्ही फटी बुजवत आलो. फट ठेवा म्हणून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं."

"आज भेटलं," बाई म्हणाल्या.

परात तिथून वरच्या साहेबांकडे गेली, त्यांच्या वरच्यांकडे गेली. कंत्राट मिळालेल्या राधेश्याम शेठच्या नवीन जालन्याच्या दुकानात गेली. शेठचा ड्रायव्हर सुद्धा एकदा रस्त्यात मला म्हणाला, "फटीचं पटलं सर आपल्याला." इतकं बाईंनी सांगितलं. तोंडाची वाफ दवडायची त्यांची तयारी अफाट होती.

तरी स्लॅबच्या दिवशी घोळ झालाच. आमच्याकडे स्लॅब म्हणजे सण असतो. सकाळपासून मिक्सर घरघरत होता, एका बाजूला कढईत बुंदी पडत होती, गावातली माणसं हातभार लावायला डोंगर चढून आली होती. बाई वर पोचल्या आणि बघतात तर खांबातून सळया काढून स्लॅबच्या जाळीत पक्क्या बांधलेल्या. शेठ हात जोडून म्हणाले, "मॅडम, एवढा मोठा खांब एकटा कसा ठेवायचा? आपण सळया बनवणाऱ्या जालन्याची माणसं, सळईत कंजुषी केली असं कोणी म्हणू नये." वर स्वतःच्या खिशातून जास्तीची सळई टाकल्याचंही त्यांनी सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता, हे मला आणखीनच संतापजनक वाटतं.

बाई त्या जाळीवर मांडी घालून बसल्या. "कापा. कापल्याशिवाय मी उठत नाही. ओतायचं तर माझ्यावर ओता." बुंदी थंड झाली. दुपारी सळया कापल्या गेल्या, खांबाभोवती थर्माकोल गुंडाळला गेला, मगच स्लॅब पडला. नंतर थर्माकोल उकरून काढला आणि फट मोकळी झाली. गावानं त्या दिवशी बाईंना जी नावं ठेवली, ती मी इथे लिहीत नाही.

या सगळ्या काळात बाईंचं एकाच घरी जमलं. ते घर म्हणजे डोंगरावरची पत्र्याची खोली. लालमियाँ मिस्त्री आणि त्यांची बायको सरदारबी, दोघं जाफराबादचे, काम चालू असेपर्यंत वरच राहत. टँकर डोंगराच्या अर्ध्यातच येई; तिथून सिमेंटला लागणारं पाणी सरदारबी डोक्यावरून वर नेत. बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. शाळा सुटली की बाई वर जायच्या, कामाची तपासणी करायच्या, लालमियाँवर दोनदा ओरडायच्या, आणि मग सरदारबीच्या चुलीपाशी चहा पीत बसायच्या. तिथे त्यांचा आवाज खाली यायचा. शाळेचं, हेडमास्तरांचं, माहेरचं, सासरचं सगळं तिथे निघायचं. मी एकदोनदा बरोबर होतो. मला वाटायचं, ही बाई अशीही बोलू शकते तर.

निघताना मात्र रोज एकच सूचना. "सरदारबी, फटीला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत, मॅडम."

काम संपत आलं. शेठची माणसं बिल काढून निघून गेली. रंग, झाडझूड आणि किरकोळ कामाला लालमियाँ आणि सरदारबी तेवढे उरले. रविवारी उद्घाटन ठरलं. दुर्बीण खोक्यांतून शनिवारी पुण्याहून येणार होती. त्या धावपळीत आठवडाभर बाईंना वर जाता आलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी बाई आणि मी हार-तुरे कुठे ठेवायचे ते बघायला वर गेलो.

दारात चपला काढून बाई आत गेल्या आणि खांबापाशी उभ्या राहिल्या. मी मागून जाऊन बघितलं. फट नव्हती. तिथे सिमेंट भरून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे गोलाईत बसवले होते. काम इतकं नेटकं होतं की खांब जमिनीतूनच उगवल्यासारखा वाटत होता. शाळेच्या गच्चीवरचा स्लॅब आम्ही तीन वर्षं खपून डोंगरावर आणून ठेवला होता.

"कुणी भरली?" बाईंनी विचारलं.

सरदारबी हातात झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. शाबासकीची वाट बघत होत्या, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

"आम्हीच भरली, मॅडम. फरशीचे तुकडे उरल्ते. मिस्त्रीला म्हणलं, जल्दी कर, रविवारी मोठी माणसं येऊन राह्यली. दोन दिवस लागले गोलाई काढायला."

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"काम चालू हाय तवर लावू नका, असं समजलो आम्ही. आता तर काम संपलं. घर बांधून झालं की फटी बुजवत्यातच. आणि मॅडम, लेकरं इथं चपला काढून येणार. तुम्ही बी आत्ता काढल्याच. ह्या डोंगरावर दगडादगडाखाली विंचू हाय. पावसाळ्यात त्या फटीतून मी दोन काढल्ते. अनवाणी लेकराला चावला म्हणजे?"

हे ऐकायला हवं होतं. मी तरी ऐकलं. बाईंनी नाही ऐकलं. तीन वर्षांत साहेबांवर, शेठवर, सरपंचावर जेवढा राग काढायचा राहिला होता, तो सगळा एकदम बाहेर आला, आणि समोर उभी होती ती एकटी बाई जिच्या चुलीपाशी त्या चहा प्यायच्या. इतके दिवस 'तुम्ही' म्हणत होत्या, त्या 'तू'वर आल्या.

"अडाणी ते अडाणीच राहणार तू. तुला सांगून काय उपयोग? गाढवापुढे बोलत होते मी रोज? वाटोळं केलंस माझं. जा, नजरेसमोरून जा."

आवाज घुमटात घुमला. बाहेर रंगाचा डबा घेऊन उभे असलेले लालमियाँ आत आले. त्यांनी बायकोकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि विचारलं, "फोडायची का?"

"फोडा," बाई म्हणाल्या.

सरदारबीनं झाडू भिंतीला टेकवला, छन्नी-हातोडा आणला आणि नवऱ्याच्या समोर बसून स्वतः बसवलेल्या फरशा फोडायला लागल्या. बाईंनी पण एक छन्नी उचलली. पहिल्याच घावात अंगठा ठेचून घेतला. संध्याकाळपर्यंत फट पुन्हा मोकळी झाली, कडा दातरलेल्या, ओबडधोबड. नवराबायकोनं मलबा पोत्यांत भरला, पोती खाली नेऊन टाकली, पत्र्याच्या खोलीतलं सामान बांधलं आणि दोघं शेवटच्या जीपनं जाफराबादला गेली. मजुरी सुद्धा शेठकडून घेऊ म्हणाली, बाईंकडून नको.

रविवारी उद्घाटन झालं. भर दुपारी. तारे बघायच्या जागेचं उद्घाटन भर दुपारी करणारी माणसं आपण निवडून देतो, आणि मग तक्रार करतो. मंडप होता, सनई होती, खुर्च्यांना पांढरे कपडे होते. पत्रिकेत बाईंचं नाव नव्हतं. लालमियाँ आणि सरदारबीला बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पाहुणे आत आले, खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?"

अभियंते पुढे झाले. "सर, ही या वास्तूची खासियत. खांब आणि जमीन यात आम्ही मुद्दाम दोन बोटांची फट ठेवली आहे." मग बाईंचं वाक्य न वाक्य म्हणून दाखवलं, उडी आणि पाणी सुद्धा. पाहुण्यांनी "वा" म्हटलं. टाळ्या पडल्या. मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं आता डोक्यात राख घालून पुढे जातील. त्या गेल्या नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या फटीच्या दातरलेल्या कडेकडे बघत होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात बाईंनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून आणली आणि ती फटीवर बसवून घेतली. जमिनीकडची कड खिळलेली, खांबाकडची नुसती टेकलेली. आता विंचू आत शिरत नाही आणि हादरा पलीकडे जात नाही. एका दुपारचं काम. आम्ही दोघं वाकून ती पट्टी बघत होतो तेव्हा बाई म्हणाल्या, "हे आधीच करता आलं असतं. विंचवाचं तिला माहीत होतं, हादऱ्याचं मला." आणि मग तिथेच फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "सर, उद्या माझ्याबरोबर जाफराबादला चला. एकटीला जमणार नाही."

सरदारबीचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. लालमियाँ जुन्या जालन्यात कामावर गेले होते. सरदारबी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, आतून सतरंजी आणून टाकली, पाणी दिलं. रीतभात कुठे कमी नव्हती. फक्त हसल्या नाहीत.

'माझं चुकलं' हे दोन शब्द बाईंच्या तोंडाला कधी सवयीचे नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला आणि परीक्षेला बसल्यासारखं एका दमात सगळं सांगून टाकलं. राग कसा आला, तोंडातून काय निघालं, ते निघायला नको होतं. विंचवाची पट्टी बसवली तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "शनिवारी रात्री गावाला शनी दाखवायचाय, तुम्ही वर चला. गाव यायच्या आधी. पहिल्यांदा तुम्ही बघायचं. तुमचा हक्क आहे तो."

"मला न्हाई यायचं, मॅडम."

"अजून राग आहे का?"

"शिवीचा न्हाई. शिव्या लई खाल्ल्या आमी. शेठ देतो, मुकादम देतो." सरदारबी सुपातली तूर बोटानं सारत होत्या. "ती फट कशाला हाय, ते मला परवा कळलं. मिस्त्रीनं सांगितलं. त्याला शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तुमी परात घेऊन जालन्याला गेल्त्या म्हणं. साहेबाला सांगितलं, त्याच्या शिपायाला बी सांगितलं."

बाईंनी पेला खाली ठेवला.

"माझ्या चुलीपाशी तुमी रोज बसत होत्या. परात तर माझ्या घरात बी होती. पाणी तर मीच वर आणत होते. सगळं सांगितलं तुमी मला, नणंदेचं सांगितलं, हेडमास्तरचं सांगितलं. येवढं एक न्हाई सांगितलं. मला म्हणल्या, हात लावायचा न्हाई. लेकराला म्हणत्यात तसं." त्यांचा आवाज वर गेला नव्हता. "हिला काय कळणार, असं वाटलं तुमाला."

"तसं नाही हो, सरदारबी," बाई म्हणाल्या.

"मंग कसं?"

तसंच होतं, हे बाईंनाही माहीत होतं आणि मलाही, कारण मी सुद्धा तो तक्ता कधी त्या पत्र्याच्या खोलीत उलगडला नव्हता. सगळ्या जिल्ह्याशी भांडलेल्या त्या बाईला एवढं एक 'हो' म्हणता येईना. सरदारबीनं पुन्हा सूप पुढ्यात ओढून तूर निवडायला घेतली.